रकान्याची व्याख्या कोणी करायची?

देवास संस्थानाची थोरली पाती आणि धाकटी पाती हे शब्द माळव्यातील मराठी घरांत आजही कानांवर पडतात. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी अठराव्या शतकात जे राज्य मिळवले, ते पुढे दोन शाखांत वाटले गेले. राजधानी मात्र एकच राहिली. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची बाजू दुसरीची, आणि दोन्ही बाजूंची पाण्याची व दिव्यांची व्यवस्था निरनिराळी, असे वर्णन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत सापडते. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने या दरबाराच्या आठवणी पुढे १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यांतही या दुहेरी कारभाराचे नवल आहेच. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि तो प्रकार संपला.

तो कारभारात संपला. आरोग्याच्या दप्तरांत मात्र आज दोन नव्हे, पाच-सहा पात्या नांदत आहेत, आणि त्यांच्या मधल्या रस्त्यावर आपली बाळे उभी आहेत. एखादे मूल जन्मले की त्याची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार जन्म-मृत्यू नोंदणीत होते. मातेची आणि बाळाची नोंद आरसीएच पोर्टलवर असते. अंगणवाडीत गेले की २०२१ पासून चालू झालेल्या पोषण ट्रॅकरवर, लस टोचली की २०२४ मध्ये देशभर सुरू झालेल्या यू-विनवर, मध्य प्रदेशात कुटुंबाच्या समग्र नोंदीत, आणि पालकांनी काढले तर आभा क्रमांकाखाली. शिवाय प्रसूतिगृहाची वही, नवजात कक्षाची वही आणि आपल्यासारख्या खासगी डॉक्टरांच्या संगणकातली नोंद आहेच. ही दप्तरे निरनिराळ्या खात्यांनी, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी उभारली. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु नाव, लिंग, जन्मतारीख आणि वजन हे चार रकाने त्या सर्वांत आहेत, आणि एका दप्तरातील 'वजन' म्हणजे दुसऱ्यातील 'वजन'च काय, हा प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय नाही.

हा प्रश्न संगणकवाल्यांचा आहे, असे आपण मानून चालतो. तो मुख्यतः डॉक्टरांचा आहे, असे माझे मत आहे. स्मरणिकेची ही पाने मला त्यासाठीच हवी होती.

ज्यांनी संगणकशास्त्र शिकलेले नाही (मीही त्यांतलाच, माझी पदवी बालरोगशास्त्राची) त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आज जगातील बहुतेक हिशेब, आरक्षणे आणि रुग्णनोंदी ज्या पद्धतीने साठवल्या जातात, तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिचा पाया घातला. १९८१ मध्ये त्याला संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. कल्पना वरवर अगदी साधी आहे. सारी माहिती तक्त्यांत ठेवायची. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक गुणधर्म. पण कॉडने याच्या मुळाशी आणखी एक कल्पना ठेवली होती, तिच्याकडे पुढे फार दुर्लक्ष झाले. प्रत्येक रकान्यातील मूल्ये कोणत्या संचातून यावीत, हे आधी स्वतंत्रपणे ठरवायचे आणि त्या संचाला नाव द्यायचे. या संचाला त्याने 'डोमेन' म्हटले. (संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात, ते निराळे.) मराठीत 'मूल्यकक्षा' म्हणता येईल, रूढ शब्द म्हणून मी डोमेनच वापरतो. दहा तक्त्यांत दहा ठिकाणी वजनाचा रकाना असला, तरी वजन म्हणजे काय, कोणत्या एककात, किती अंकांपर्यंत, किमान किती, कमाल किती, हे एकदाच लिहायचे आणि दहाही रकान्यांनी त्या एका व्याख्येकडे बोट दाखवायचे. दोन रकान्यांची तुलनाही त्यांची डोमेने जुळतील तेव्हाच अर्थपूर्ण. बाळाचे वजन आणि त्याच्या डोक्याचा घेर या दोन्ही संख्याच आहेत, पण एकीतून दुसरी वजा करण्यात अर्थ नाही.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२ च्या प्रमाण आवृत्तीत असे डोमेन निर्माण करण्याची आज्ञा आली. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त प्रणालीत ती उपलब्ध आहे. ओरॅकलसारख्या बलाढ्य प्रणालीत मात्र ती २०२३ मध्ये आली, आणि छोट्या रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास आढळणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये ती नाहीच. मायएसक्यूएलची तर अशी गंमत होती की, 'या रकान्यात ३०० ते ७००० च्या बाहेरची संख्या घेऊ नकोस' अशी अट लिहिली तर प्रणाली ती निमूटपणे वाचून घेई आणि तितक्याच निमूटपणे दुर्लक्षित करी. २०१९ मधील ८.०.१६ या आवृत्तीपासून ती अट पाळली जाऊ लागली. तोवर कित्येकांनी अटी लिहून ठेवल्या असतील आणि त्या पाळल्या जात आहेत, असे समजून निर्धास्त झोप घेतली असेल. आपल्या वॉर्डात अशी परिचारिका असती तर आपण काय केले असते!

असो. तंत्राचा भाग इथवर पुरे. आता वजनाकडे येतो, कारण माझा सारा आग्रह त्या एका रकान्यातून जन्मला आहे.

आपल्या भागातील एका रुग्णालयाची संगणकप्रणाली मला आतून पाहण्याची संधी मिळाली. प्रसूतीच्या तक्त्यात जन्मवजन किलोग्रॅममध्ये, दशांश चिन्हानंतर एकच अंक. नवजात कक्षाच्या तक्त्यात तेच वजन ग्रॅममध्ये. बाह्यरुग्ण विभागाच्या तक्त्यात मोकळा मजकूर, आणि त्या मोकळेपणाचा पुरेपूर लाभ घेतलेला: 'अडीच किलो', '२.५', '२५००', '२ कि. ५०० ग्रॅ.', 'ठीक'. तिन्ही तक्ते एकाच इमारतीत, एकाच यंत्रावर, एकाच विक्रेत्याने बनवलेले. आता २४६० ग्रॅमचे एक बाळ घ्या. प्रसूतीच्या तक्त्यात ते २.५ झाले. महिन्याच्या अहवालासाठी संगणकाने २.५ ला हजाराने गुणले, २५०० आले. कमी वजनाच्या बाळाची व्याख्या '२५०० ग्रॅमपेक्षा कमी' अशी आहे. बाळ यादीतून बाहेर पडले. अधिक गृहभेटी, अधिक लक्ष, आईला उबेविषयी आणि स्तनपानाविषयी पुन्हा पुन्हा सांगणे, हे सारे ज्या यादीवर अवलंबून, त्या यादीतून ते केवळ दशांश चिन्हानंतरच्या एका अंकामुळे गळले. कोणी खोटे लिहिले नाही, कोणी आळस केला नाही.

ही व्याख्यासुद्धा काही वेदवाक्य नव्हे, हे तरुण सहकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सीमा ठरवली ती '२५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी' अशी होती. १९७६ मध्ये ती '२५०० पेक्षा कमी' अशी बदलली. फरक एका ग्रॅमचा; पण आपल्या देशात तराजूवरचा काटा आणि लिहिणाऱ्याचा हात २५०० या आकड्यावर किती वेळा येऊन थांबतो, हे ज्याने एखादी प्रसूतीची वही चाळली आहे त्याला सांगावयास नको. त्या एका आकड्यावर गर्दी आहे, आणि सीमारेषा नेमकी त्याच्याच शेजारून जाते. व्याख्या एका जागी लिहिलेली असती, तर बदलली तेव्हा एका जागी बदलली असती. दहा अहवालांच्या पोटात दहा वेळा लिहिली असेल, तर कोणत्या अहवालात 'किंवा' उरले आणि कोणत्यात गेले, हे शोधत बसावे लागते.

एककांचा घोळ तर आपल्या व्यवसायाच्या पाचवीला पुजलेला आहे. बिलिरुबिन आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, पाश्चात्त्य पुस्तकांतील अनेक तक्ते मायक्रोमोलमध्ये असतात. मधला गुणक १७.१. रक्तशर्करेचा १८. बालकांचे पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत निराळ्या तीव्रतेचे आणि सिरपच्या बाटलीत निराळ्या. अमेरिकेत याच कारणाने घोटाळे होत, म्हणून २०११ मध्ये तेथील उत्पादकांनी तान्ह्या बाळांसाठीचे दाट थेंब बंद करून बाळांना आणि मोठ्या मुलांना एकच तीव्रता ठेवली. औषधाच्या बाटलीच्या बाबतीत जे आपल्याला लगेच पटते, ते रकान्याच्या बाबतीत पटण्यास इतका वेळ का लागावा, हे मला कळत नाही. बालकाचा डोस वजनावर ठरतो. वजनाचा रकाना संदिग्ध असेल तर डोसही संदिग्धच.

आता तारीख. माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तारखेच्या व्याख्येविषयी काही शिकवण्याची गरज पडू नये, कारण हा घोळ आपण पिढ्यानपिढ्या घरात जगत आलो आहोत. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला. शेजारच्या हिंदी भाषक घरात तोच दिवस, तोच उपास, पण पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिन्याचे नाव जुळते आणि वद्य पक्षात एका महिन्याने चुकते. दोन्ही घरांत रकान्याचे नाव 'महिना'च आहे, डोमेने भिन्न. एखाद्या आजीने नातवाचा जन्म 'श्रावणातल्या अंधाऱ्या पक्षातला' असा सांगितला, तर ती मराठी की मालवी, हे विचारल्यावाचून तारीख काढता येत नाही. मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकांची स्थिती याहून बिकट, कारण तिथे शक, शुहूर आणि फसली हे तिन्ही सन एकाच रुमालात भेटतात. ते बिचारे जंत्री जवळ घेऊनच बसतात.

आपल्या रुग्णांच्या तारखा आता इंग्रजी महिन्यांत असतात, म्हणून प्रश्न सुटला असे नव्हे. महाराष्ट्रात १ जूनला आणि आपल्याकडे १ जुलैला जन्मलेल्या माणसांची संख्या पाहिली, तर त्या दिवशी देशात काही विलक्षण घडत असावे, असे परक्याला वाटेल. घडत इतकेच होते की शाळा उघडत होत्या. गुरुजींपुढे रकाना होता, तो रिकामा ठेवण्याची मुभा नव्हती, आणि आईबापांना तारीख ठाऊक नव्हती.

येथे मला तंत्रज्ञांच्या एका बारकाव्याचे कौतुक वाटते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मार्गदर्शिकेत असा सल्ला आहे की, रकाना रिकामा चालेल की नाही, ही अट डोमेनमध्ये घालू नये. ती त्या त्या तक्त्याच्या रकान्यावर घालावी. म्हणजे डोमेनने सांगायचे ते एवढेच की, मूल्य असेल तर ते कसे असेल. ते असलेच पाहिजे का, हे तक्त्याच्या कामावर ठरेल. प्रसूतिगृहाच्या तक्त्यात जन्मवजन सक्तीचे करणे योग्य, कारण तिथे तराजू आहे. उदयनगरच्या डोंगराळ भागातील एखाद्या फळ्यावर घरीच जन्मलेल्या आणि दीड महिन्याचे झाल्यावर प्रथम आपल्यापुढे आलेल्या बाळाच्या बाबतीत तीच सक्ती केली, तर आपण त्या नोंदणी करणाऱ्या मुलीला खोटे लिहावयास भाग पाडतो. ती '२.५' लिहिते आणि पुढच्या बाळाकडे वळते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

म्हणून जन्मतारखेच्या व्याख्येत तारखेबरोबर तिच्या खात्रीचाही एक लहान रकाना असावा: दाखल्यावरून, सांगण्यावरून, अंदाजाने. आधारच्या नोंदणीत जन्मतारखेला पडताळलेली, सांगितलेली आणि अंदाजे असे तीन प्रकार ठेवण्यात आले, ते याच विचाराने. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत तारखेचा आधार ठरला आहे. त्यामुळे पुढच्या पिढीत १ जुलैची गर्दी ओसरावी. आज आपल्यापुढे येणाऱ्या मातांच्या बाबतीत मात्र ती आहेच, आणि अठरा वर्षांच्या आतील गर्भारपण मोजताना ती छळते.

वयाच्या रकान्याविषयी माझे मत अधिक टोकाचे आहे: तो रकाना असूच नये. 'पाचवा लागला' असे आपल्या घरातली आजी म्हणते, तेव्हा बाळाचे चार महिने पूर्ण झालेले असतात. लसीकरणाच्या वेळापत्रकातील गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आहे. 'नववा लागला' हे ऐकून कोणी रकान्यात ९ लिहिले, तर बाळाला लस महिनाभर आधी टोचली जाईल. आईकडून आलेली प्रतिपिंडे अंगात असताना ती नीट लागू पडण्याची शक्यता कमी, आणि दप्तरात मात्र बाळ सुरक्षित. नोंदवायच्या त्या दोन गोष्टी, जन्मतारीख आणि भेटीची तारीख. वय यंत्राने काढावे, पूर्ण दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे आलेख वापरतानाही हेच सोयीचे पडते. एका दिवसाच्या बाळाला 'वय १' म्हणायचे की 'वय ०', यावरही वाद नको. मृत्यूच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जन्माचा दिवस शून्य धरला आहे आणि नवजात काळ २८ पूर्ण दिवसांचा आहे.

यानंतर जो रकाना येतो, त्याविषयी हलक्या शब्दांत लिहिता येत नाही. बाळ जिवंत जन्मले की मृत? व्याख्या पाठ्यपुस्तकात आहे: आईच्या शरीरापासून वेगळे झाल्यावर श्वास, हृदयाचे ठोके, नाळेतील स्पंदन किंवा स्नायूंची स्वेच्छ हालचाल यांपैकी काहीही दिसले तर तो जिवंत जन्म. दहा मिनिटे धडपडून गेलेले बाळ 'मृतजन्म' म्हणून लिहिले गेले, की जिवंत जन्मही एकाने कमी होतो आणि अर्भकमृत्यूही एकाने. कागदावर कोणाच्या कामावर ठपका येत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला ज्यांनी वाचा फोडली, त्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या कामाचा औषधोपचाराचा भाग आपण सारे जाणतो. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आलेल्या त्यांच्या निबंधात ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा दिली होती, ४७ गावे तुलनेसाठी होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरातील घट ६२ टक्के होती. केंद्र शासनाने २०११ मध्ये आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा जो कार्यक्रम देशभर आणला, त्याच्या मागे हा अनुभव आहे.

मला त्या निबंधात नेहमीच अधिक थक्क करणारी गोष्ट वाटत आली ती निराळी. जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या गावातील स्त्रियांनी ते मोजमाप केले. बाळाला जंतुसंसर्ग आहे की नाही, हे त्यांनी 'वाटते' म्हणून लिहिले नाही. ठरवून दिलेल्या चिन्हांपैकी दोन एकाच वेळी दिसली तरच तसे म्हणायचे, अशी पद्धत होती. प्रत्येक गावात, प्रत्येक वहीत, तीच चिन्हे आणि तोच नियम. म्हणून ३९ गावांची बेरीज करता आली. व्याख्या गावागणिक बदलली असती, तर ती बेरीज ही केवळ अंकांची बेरीज झाली असती, बाळांची नव्हे. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले, तेही स्वयंसेवी संस्थांनी निरनिराळ्या ठिकाणी एकाच पद्धतीने मोजले म्हणूनच. डेटाबेस, डोमेन हे शब्द बाजूला ठेवले तरी हेच ते काम.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. शासनाने ही प्रमाणे केलीच आहेत, मग आपण कशाला? आक्षेपात तथ्य आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. आरोग्यक्षेत्रासाठी रकान्यांच्या व्याख्यांचे मानकही २०१८ पासून उपलब्ध आहे. गावांच्या नावांसाठी केंद्राची स्थानिक शासन निर्देशिका आहे, तिच्यात प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. ही शेवटची सोय किती मोलाची आहे ते उदयनगरवरूनच पाहा. रोमन लिपीत कोणी ते 'ए-आय'ने लिहितो, कोणी 'ए-वाय'ने. नागपुरातही एक उदयनगर आहे. आणि संगणकाला ही सारी निरनिराळी गावे वाटतात, नाहीतर सारे एकच गाव. क्रमांक लिहिला की वाद मिटला. पण मानक दिल्लीत असणे आणि ते आपल्या टेबलावरील यंत्रात उतरणे, यांत फार अंतर आहे. आपण सॉफ्टवेअर विकत घेताना बिलाचा नमुना कसा दिसेल, हे तासभर विचारतो. वजनाचा रकाना कोणत्या एककात आहे, हे विचारलेला सहकारी मला अजून भेटलेला नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. व्याख्या घट्ट केली की माणूस तिच्यात मावत नाही. हे खरे आहे. नावाच्या रकान्याचेच पाहा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली मराठी रीत. बारेला कुटुंबातील कित्येक मुलांना या अर्थाने आडनावच नसते, आणि 'आडनाव सक्तीचे' असे ठरवले की जमातीचे नाव आडनाव होऊन बसते आणि अर्ध्या वस्तीची नावे सारखी होतात. खुद्द देवास-धारच्या राजघराण्याचे आडनाव पवार, पंवार, पुआर असे किती प्रकारे लिहिले गेले आहे! लिंगाच्या रकान्यात 'मुलगा' आणि 'मुलगी' एवढेच पर्याय असतील, तर बाह्य जननेंद्रिये संदिग्ध असलेल्या नवजात बाळाची नोंद करणारा निवासी डॉक्टर काय करील? आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी ० ते ९ मधील चार अंक आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही. हे विचारपूर्वक केलेले आहे; 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांतला भेदही त्यांनी जपला. म्हणजे घट्टपणा कुठे हवा आणि ढिलाई कुठे, हे प्रत्येक रकान्यागणिक ठरवावे लागते. वजनात घट्टपणा हवा, नावात नको. आणि हे ठरवण्यासाठी ज्याने ते बाळ हातात घेतले आहे, तोच लागतो. प्रोग्रामरला २०० ग्रॅम आणि २० किलो यांतले कोणते जन्मवजन अशक्य, हे पाठ असण्याचे कारण नाही.

आणखी एक धोका नोंदवून ठेवतो. व्याख्या जुळल्या की दप्तरेही सहज जुळतात, आणि मग बाळाची माहिती जिथे जाऊ नये तिथेही जाऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. कोणी विधिज्ञ स्नेह्याने तो पुढील अंकात घ्यावा.

शब्दांची व्याख्या एका जागी बांधण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंडितांनी रचलेला 'राज्यव्यवहारकोश' दहा वर्गांत विभागलेला आहे, आणि त्यांतला एक वर्ग केवळ लेखनाचा, म्हणजे दप्तराचा आहे. फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणणे हा त्याचा हेतू म्हणून सांगितला जातो, तो आहेच; पण सर्व कचेऱ्यांनी एका वस्तूला एका शब्दाने संबोधावे, ही कारभाराची गरजही त्यामागे असणार, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष सूचना. आपल्यापैकी ज्यांच्याकडे एक्सेलच्या तक्त्यांतच नोंदी आहेत, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. तिथेही एका स्वतंत्र पानावर व्याख्या लिहून प्रत्येक रकान्याला मान्य मूल्यांची मर्यादा घालता येते. एक्सेलच्या आगाऊपणापासून मात्र सावध राहावे. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-१' अशा नावांची जनुके ते परस्पर तारखांत बदलून टाकत असे, आणि अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीलाच त्या जनुकांची नावे बदलावी लागली. ज्यांच्याकडे विक्रेत्याचे सॉफ्टवेअर आहे, त्यांनी पुढच्या वार्षिक देखभालीच्या करारापूर्वी विक्रेत्याकडे सर्व तक्त्यांतील रकान्यांची यादी मागावी. यादी देण्यास तो खळखळ करील. यादीवर आपला हक्क आहे. त्या यादीत 'वजन' किती ठिकाणी आहे आणि किती प्रकारे आहे, हे लाल शाईने खुणावावे.

आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीत तीनच रकाने घ्यावेत, असे मी सुचवतो. जन्मवजन: पूर्ण ग्रॅममध्ये, ३०० ते ७०००, तराजूवर दिसले तेच, पूर्णांकात न बदलता, न मोजल्यास रिकामे, आणि न मोजण्याचे कारण शेजारी. जन्मतारीख: खात्रीच्या दर्जासह. जन्माची स्थिती: जिवंत किंवा मृत, वर सांगितलेल्या चार चिन्हांच्या नोंदीसह. खालची मर्यादा ३०० असावी की ४००, यावर नवजात तज्ज्ञांचे मत माझ्याहून निराळे असू शकेल. त्यांनी ते लेखी आणावे. प्रत्येकाने येताना आपल्या गेल्या वर्षीच्या नोंदवहीची कोणतीही दोन पाने, नावे झाकून, सोबत आणावीत. तीन व्याख्यांवर एकमत झाले की त्या एका पानावर छापून सर्व सभासदांना आणि उदयनगर, बागली भागातील आपल्या ओळखीच्या शासकीय सहकाऱ्यांना पाठवता येतील. बाकीचे रकाने पुढच्या वर्षी.